आई आजारी नव्हती : मिसिसिपी आणि शिकागो यांच्यामध्ये वाढलेल्या एका मुलाचं प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे ते गृहस्थ आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत मी समुपदेशक होते. तिथे निवृत्तीनंतर ते आठवड्यातून दोन दिवस लहान मुलांचं वाचन घ्यायला यायचे. मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, तीनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी त्यांनी हे सगळं सांगितलं. लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर, की कुणाचं नाव यायला नको. म्हणून त्यांना मी इथे 'मुलगा' म्हणते आणि बाकीच्यांना त्यांच्या नात्याने. गावाचं नाव गाळलं आहे, घरातल्या दोन-तीन खुणा बदलल्या आहेत. सार्वजनिक घटना आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

प्रकरणाच्या मध्यभागी एक तार आहे, १ सप्टेंबर १९५५ ची, शिकागोहून मिसिसिपीला गेलेली. मजकूर एवढाच: 'आई आजारी. मुलाला पाठवा.' आई आजारी नव्हती. ती तार करणं बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे. चूक झाली ती नंतर, मुलगा सुखरूप घरी पोचल्यावर.

पार्श्वभूमी

मुलाचा जन्म १९४४ चा, मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा भागातला. डेल्टा म्हणजे मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधली सपाट, सुपीक जमीन. नजर पोचेल तिथवर कापूस. आजी-आजोबा एका मळ्यावर अर्धेलीने कसायचे. जमीन मालकाची, खेचर मालकाचं, बियाणं मालकाच्या दुकानातून उधारीवर. वसंतात उचल सुरू व्हायची. पीठ, रॉकेल, खारवलेलं डुकराचं मांस, सगळं त्याच दुकानातून वहीवर यायचं आणि डिसेंबरात हिशेब व्हायचा. वही मालकाची, पेन्सिलही मालकाची. बऱ्या वर्षी हातात थोडे डॉलर पडत, वाईट वर्षी बाकी पुढच्या पानावर चढे. कृष्णवर्णीय मुलांची शाळा कापसाच्या सवडीने चाले: खुरपणीला बंद, वेचणीला बंद, मधल्या महिन्यांत चालू.

कायदा आजीच्या जन्माच्या सुमाराला पक्का झाला होता. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदान कर आणि वाचनाची परीक्षा घालून कृष्णवर्णीयांच्या हातातलं मत काढून घेतलं, आणि १८९६ मध्ये 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीत वेगळे डबे, वेगळ्या शाळा हे सगळं घटनेला धरून आहे असं ठरवलं. मराठी वाचकाला इथे जोतीराव फुले आठवतील. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. त्या वर्षी मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसं मतदान करत होती, विधिमंडळात बसत होती. वीस वर्षांच्या आत ते दार पुन्हा लागलं. या प्रकरणातली आजी जन्मली ती दार लागल्यानंतर.

बाहेरची वाट रेल्वेची होती. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसांनी दक्षिण सोडली. कुणी कुठे जायचं हे बरंचसं रुळांनी ठरवलं. डेल्टातून निघालेला माणूस बहुधा इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने सरळ शिकागोला यायचा. मुलाचा मामा दुसऱ्या महायुद्धावरून परतला आणि दोन महिन्यांत तिकडे गेला, स्टॉकयार्डमधल्या पॅकिंग हाउसमध्ये कामाला लागला. गावी त्याला थांबवण्यासारखं फारसं काही उरलंही नव्हतं. १९४४ च्या ऑक्टोबरात क्लार्क्सडेलजवळच्या मळ्यावर कापूस वेचणारं यंत्र लोकांसमोर चालवून दाखवलं होतं, आणि हातांची गरज संपत जाणार हे ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. मुलाचे वडील कामाच्या शोधात सेंट लुईसला गेले ते परतले नाहीत. १९४८ मध्ये आईही भावाच्या मागे शिकागोला गेली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. तो आजीकडे राहिला.

मूल मागे ठेवण्याचा हा पहिला निर्णय. त्यावर घरात फार चर्चा झाली नाही, कारण निवड अशी नव्हतीच. दक्षिण शिकागोत कृष्णवर्णीयांना राहायला एक अरुंद पट्टा होता, त्याच्या बाहेर घर मिळत नसे. घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही अशी अट खरेदीखतातच घातलेली असायची. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत लागू करता येणार नाहीत असं म्हटलं, पण त्याने एका रात्रीत घरं मोकळी झाली नाहीत. त्या पट्ट्यात जुने फ्लॅट तोडून एकेका खोलीची किचनेट केलेली. एक खोली, एक शेगडी, मजल्यावर सगळ्यांत मिळून एक संडास, भाडं आठवड्याचं. आईला लॉन्ड्रीत काम मिळालं, तेही पाळीचं. चार वर्षांचं पोर तिथे कोण सांभाळणार?

१९५२ मध्ये आजोबा वारले आणि मुलगा शिकागोला आला. आठ वर्षांचा होता.

दोन शाळा, दोन रीती

शाळेने पहिल्याच दिवशी त्याला एक इयत्ता खाली बसवलं. दक्षिणेतून आलेल्या मुलांच्या बाबतीत हे सर्रास व्हायचं, परीक्षा न घेताच. मुलगा वाचत होता. आजीच्या चर्चमधल्या बाईंनी त्याला बायबलवरून वाचायला शिकवलं होतं. आईने कागदावर सही केली. हरकत घेता येते हेच तिला माहीत नव्हतं. मजल्यावरच्या दुसऱ्या एका बाईने आपल्या मुलीसाठी हट्ट धरून वाचून दाखवायला लावलं आणि इयत्ता वाचवली, हे आईला वर्षभराने कळलं.

शाळा दुबार भरत होती. मुलं इतकी होती की अर्धी सकाळी, अर्धी दुपारी. चार तासांची शाळा. कायद्याने कुणाला वेगळं केलेलं नव्हतं, पण वर्गात एकही गोरं मूल नव्हतं, आणि काही रस्ते ओलांडून पलीकडच्या गोऱ्या शाळेत बाकं रिकामी होती. दक्षिणेत पाटी असायची, 'गोऱ्यांसाठी', 'रंगीतांसाठी'. शिकागोत पाटी नव्हती, मात्र वेंटवर्थ ॲव्हेन्यूच्या पलीकडे एकट्याने गेलेलं पोर मार खाऊन यायचं. मामाला कारखान्यातल्या जुन्या माणसांनी १९१९ ची गोष्ट सांगितली होती: २९ व्या रस्त्याजवळ सरोवरात पोहणारा सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स पाण्यातली न दिसणारी हद्द ओलांडून गेला, काठावरून दगड आले, तो बुडाला, आणि नंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली. मामाने ही गोष्ट मुलाला आल्या आल्या सांगितली. माझ्या मते घरातल्या कुणीही घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय. नियम सांगितला आणि नियमामागचं कारणही सांगितलं.

बाकीचे नियम मुलाने चुका करत शिकले. डेल्टात गोऱ्या माणसाशी बोलताना खाली बघायचं, प्रत्येक वाक्याला 'सर' लावायचं. शिकागोतल्या शिक्षिकेसमोर तो तसाच उभा राहिला तर ती म्हणायची, माझ्याकडे बघ, काय लपवतोयस? वर्गातली मुलं त्याच्या 'येस मॅम'वर हसायची. मग तो उन्हाळ्यात आजीकडे जायचा आणि तीन दिवस सगळं उलटं करून घ्यावं लागायचं.

उन्हाळे हाच खरा प्रश्न होता. जून ते ऑगस्ट शाळा बंद, आई लॉन्ड्रीत, मामा कारखान्यात. १९५३ पासून मुलगा दर उन्हाळ्यात मिसिसिपीला जायचा. हजारो घरांत हेच चाले. बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा, कारण दक्षिणेतल्या गाडीत जेवणाच्या डब्यात काय मिळेल, कुठे बसवतील याचा भरवसा नाही. इलिनॉयच्या दक्षिण टोकाला कैरो आलं की गाडीतल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या डब्यात जायचं. मुलाला ते प्रवास आवडायचे. आजी आवडायची. तिच्या परसातले टोमॅटो, चर्चमधली गाणी, चुलतभावंडं. ते म्हणाले, शिकागोत मी कुणाचा तरी भाडेकरू होतो आणि आजीच्या ओट्यावर मी नातू होतो. जे ठिकाण कायद्याने त्याला माणूस मानत नव्हतं तिथे त्याला सर्वांत जास्त माया मिळत होती. दक्षिण वाईट, उत्तर चांगली, असा सरळ हिशेब मांडून हे प्रकरण समजणार नाही.

१९५५ चा उन्हाळा

त्या वर्षी पाठवावं की नाही यावर पहिल्यांदा वाद झाला. आदल्या वर्षी 'ब्राउन' खटल्याचा निकाल लागला होता. शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरलं, आणि दोन महिन्यांत डेल्टातल्याच इंडियानोला गावात त्याला विरोध करायला गोऱ्या नागरिकांची परिषद उभी राहिली. मे १९५५ मध्ये डेल्टातल्याच बेल्झोनीत रेव्हरंड जॉर्ज ली यांना गोळ्या घातल्या. ते कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करायला पुढे झाले होते. मामा दर आठवड्याला 'शिकागो डिफेंडर' हे कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र वाचायचा. तो म्हणाला, या वर्षी नको. आई म्हणाली, मतदानाची भानगड मोठ्या माणसांची आहे, अकरा वर्षांच्या पोराला कोण काय करणार?

तिच्याकडे दुसरी सोयही नव्हती. मुलगा जूनच्या अखेरीस गेला. शनिवारी, ३ सप्टेंबरला परत यायचं ठरलं होतं.

२८ ऑगस्टच्या रात्री, रविवार उजाडायच्या आत, डेल्टातल्या मनी या वस्तीजवळून चौदा वर्षांच्या एमेट टिलला त्याच्या आजोबांच्या वयाच्या नातेवाइकाच्या घरातून उचलून नेलं. तोही शिकागोचा, दक्षिण भागातलाच, सुट्टीला गेलेला. दुकानात गोऱ्या बाईशी उद्धटपणा केला असा आरोप. ३१ ऑगस्टला त्याचं प्रेत टालाहाची नदीत सापडलं. त्या संध्याकाळी शिकागोत बातमी घराघरांत पोचली. मुलाच्या आईला ती लॉन्ड्रीत इस्त्री करताना कळली.

पर्याय

त्या रात्री किचनेटमध्ये आई आणि मामा बसले. भिंती पातळ, म्हणून कुजबुजत. काय काय मांडलं गेलं ते मामाने नंतर मुलाला सांगितलं, तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा झाला होता.

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. तीन दिवसांवर तिकीट आहे. उगाच हालचाल केली तर मळ्यावर नजरेत येईल. हा पर्याय दिसतो तितका भित्रा नव्हता. शांत बसणं हे डेल्टात वाचण्याचं जुनं तंत्र होतं.

दुसरा, मामाने गाडी काढून जाऊन आणण्याचा. मामा तयार होता. पण इलिनॉयची नंबरप्लेट, आत लष्करातून आलेला ताठ मानेचा काळा माणूस, आणि तो आठवडा. आई म्हणाली, मग मला दोघांची वाट बघावी लागेल.

तिसरा फोनचा. मळ्यावर फोन एकच, मालकाच्या दुकानात. बोलणं दुकानातला कारकून ऐकणार. चौथा पत्राचा, चर्चचं कामकाज पाहणाऱ्या डीकनच्या नावे. पत्राला वेळ लागेल.

पाचवा तारेचा. तारही दुकानातच जाणार, कारकूनच वाचणार. पण तारेत कारण घालता येतं. मळ्यावर वेचणी सुरू झाली होती, अकरा वर्षांच्या मुलाचे हातही मोजले जात होते, आणि आजीने त्याला दोन दिवस आधी काढून दिलं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं. आजारी आई हे असं कारण होतं की ज्यावर कारकुनाला काही विचारावंसं वाटलं नसतं. आजारपण गोऱ्यांच्याही घरात असतं. मामाने मजकूर लिहिला. आईने सकाळी कामावर जाताना तार केली.

या निर्णयाकडे मी परत परत पाहते. ज्यांना कुणी शाळेत नीट टिकू दिलं नव्हतं अशी दोन माणसं एका रात्रीत पाच वाटा तपासतात, प्रत्येकीत कोण वाचेल, कोण ऐकेल, कुणाला त्रास होईल हे बघतात, आणि चार शब्दांत मुलाला सोडवतात. मी अनेक प्रशिक्षित माणसांना याहून ढिसाळ निर्णय घेताना पाहिलं आहे.

काय केलं

गुरुवारी दुपारी कारकुनाने आजीला तार वाचून दाखवली. आजी नदीतल्या मुलाबद्दल ऐकून होती. तिने तोंडावर काही दाखवलं नाही. संध्याकाळी डीकनकडे गेली. शुक्रवारी पहाटे, उजाडायच्या आधी, डीकनने आपली गाडी आणली. मुलाला मागच्या सीटखाली झोपवलं, वर कापसाची रिकामी पोती टाकली, आणि ६१ नंबरच्या रस्त्याने मेम्फिसला नेलं. तिथे दुपारच्या गाडीत बसवलं. इलिनॉय सेंट्रलवर नोकरी करणारा मामाचा एक शेजारी त्या गाडीवर होता. रात्री बाराव्या रस्त्याच्या स्टेशनवर मामा उभा होता. त्याच दिवशी त्याच स्टेशनावर एमेट टिलची शवपेटी उतरली होती.

इथपर्यंत सगळं नीट झालं. आता मुलाच्या बाजूने बघू.

आधीच्या आठवड्यात तो दुकानात रॉकेल आणायला गेला होता. कारकुनाने काही विचारलं, आणि मुलगा नुसतं 'हं' म्हणाला, 'सर' राहिलं. आजीच्या कानावर आलं. तिने त्याला कधी नव्हे ते मारलं आणि परत पाठवून माफी मागायला लावली. मग आठवड्याभरात, न सांगता, पहाटे उठवून, पोत्यांखाली लपवून, त्याला घालवून दिलं. निरोप देताना आजी रडली नाही, जवळही घेतलं नाही. घरी पोचला तर आई शेगडीपाशी धडधाकट उभी.

"तू आजारी होतीस ना?"

"आता बरी आहे," आई म्हणाली.

त्यापुढे दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मामाने विषय काढला. एमेटच्या आई मेमी टिल यांनी आपल्या मुलाची शवपेटी उघडी ठेवायला लावली होती, जगाने पाहावं म्हणून, आणि रॉबर्ट्स टेंपल चर्चबाहेर हजारो माणसं रांगेत होती. मामा म्हणाला, याला घेऊन जाऊ, याने बघितलं पाहिजे. आईने नकार दिला. तिला मी दोष देत नाही. एका आईने आपलं मूल साऱ्या जगाला दाखवायचं ठरवलं आणि दुसरीने आपल्या मुलाचे डोळे झाकायचे ठरवले. दोघींच्या जागी उभं राहिल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. पण मुलाने ते बघितलंच. दोन आठवड्यांनी, न्हाव्याच्या दुकानात, बाकावर 'जेट' साप्ताहिक पडलेलं होतं, १५ सप्टेंबरच्या अंकात तो फोटो. एकट्याने बघितलं. २३ सप्टेंबरला डेल्टातल्या समनर गावच्या न्यायालयात बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात एमेटच्या खुनाच्या आरोपींना सोडून दिलं, तेही त्याने रस्त्यावर ऐकलं.

आणि त्याने आपल्यापुरता अर्थ लावला. तो मुलगा दुकानात चुकीचं बोलला, मीही दुकानात चुकीचं बोललो. माझ्यामुळे आजीवर संकट आलं, म्हणून तिने मला हाकललं. आता ती मला बोलावणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खरंच बोलावणं आलं नाही. म्हणजे त्याला तसं वाटलं. आजी डीकनकडून पत्र लिहून घेत होती, दर वसंतात विचारत होती, पोराला पाठवतेस का, निदान आठवडाभर. आई उत्तर द्यायची, नाही. ही पत्रं तिने मुलाला कधी वाचून दाखवली नाहीत. ऐकलं तर तो हट्ट धरेल ही भीती. उन्हाळ्याची सोय वेगळी झाली: आईने रात्रपाळी घेतली, पगारातला काही भाग सोडून.

परिणाम

मुलगा बोलेनासा झाला. वात्रटपणा नाही, मारामाऱ्या नाहीत, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही आणि उघडायच्या आधी वाक्य दोनदा मनात म्हणून बघायचं. शिक्षकांनी त्याला मंद मुलांच्या तुकडीत घातलं. आधीच एक इयत्ता मागे, त्यात ही तुकडी. त्या काळात त्याने ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचली ती कुणाला न सांगता.

१९६१ च्या शरदात आजी गेली. त्याच उन्हाळ्यात बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या फ्रीडम रायडर्सना मिसिसिपीने डेल्टातल्या पार्चमन तुरुंगात डांबलं होतं, त्यामुळे आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तरी मुलगा आणि मामा मातीला गेले. रात्री डीकनने त्याला ओट्यावर बसवून पोत्यांची गोष्ट सांगितली. मेम्फिसहून परतल्यावर तुझी आजी माझ्या गाडीला टेकून रडली, म्हणाला. बायबलमध्ये घडी करून ठेवलेली तार दिली. मुलाने सहा वर्षांनी विचारलं: तेव्हाच का नाही सांगितलं? डीकनचं उत्तर मी लिहून घेतलं आहे: "ज्या पोराला सगळं कळतं ते घाबरतं. घाबरलेलं पोर दिसतं. रस्त्यात कुणी गाडी अडवली असती तर मला झोपेतून उठलेलं, काही न कळणारं पोर हवं होतं."

पुढचं थोडक्यात. १९६३ मध्ये एकोणिसाव्या वर्षी शालान्त झाला. त्याच ऑक्टोबरात मामाची मुलं शिकागोतल्या शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्कारात घरी बसली. दोन लाखांहून जास्त मुलं त्या दिवशी शाळेत गेली नाहीत. तो पोलादाच्या कारखान्यात लागला, कोक भट्टीवर, जिथे कृष्णवर्णीयांना ठेवायचे. कामांच्या वाटपातला वर्णभेद थांबवण्यासाठी पोलाद उद्योगात १९७४ मध्ये झालेल्या समझोत्यानंतर त्याला यंत्रदुरुस्तीच्या कामावर जाता आलं. कारखाना बंद पडल्यावर टपाल खात्यात. लग्न, तीन मुलं. मुलांशी तो भरपूर बोलायचा, असं त्याची थोरली मुलगी सांगते, कधी कधी नको इतकं.

काय वेगळं करता आलं असतं

इयत्तेचं प्रकरण टाळता आलं असतं. एका शेजारणीने टाळलं होतं, माहिती एका मजल्यावरून पोचायला वर्ष लागलं. १९५५ मध्ये मुलाला पाठवायला नको होतं का? बेल्झोनीची बातमी समोर होती, मामाचं बरोबर होतं. पण रात्रपाळीचा मार्ग आईला तेव्हा सुचला असता तरी परवडला असता का, हे मी बाहेरून सांगू शकत नाही. तो तिने पुढच्या वर्षी काढला तो भीतीने सगळे हिशेब बाजूला सारल्यावर.

गाडीतलं मौन बरोबर होतं. डीकनच्या उत्तरात मला खोट सापडत नाही. आजीने जवळ न घेणंही बरोबर होतं. पहाटे उठलेल्या मुलाला तिने मिठी मारून रडून निरोप दिला असता तर ते पोर हादरून गेलं असतं.

माझा आक्षेप शुक्रवारच्या रात्रीपासून सुरू होतो. 'आता बरी आहे' या तीन शब्दांच्या जागी आई म्हणू शकली असती: मी आजारी नव्हते, मी घाबरले होते, आजीनेही तुला वाचवायला पाठवलं. अकरा वर्षांच्या मुलाला हे कळतं. न सांगायचं कारण तिच्याकडे होतं. जिथे ती वाढली तिथे मुलाला जे माहीत असतं ते त्याच्या तोंडून दुकानात पोचू शकतं, आणि आजी अजून तिथेच होती. पण मुलगा परत जाणार नाही हे ठरल्यावर ते कारण संपलं होतं. मिसिसिपीतली सवय शिकागोत चालू राहिली. पत्रांच्या बाबतीत तर तेवढंही कारण नव्हतं. 'आजी विचारते आहे, मी नको म्हणते आहे' हे ऐकून मुलगा आईवर चिडला असता. चिडलेला मुलगा सांभाळता येतो. आपण नकोसे झालो असं समजून बसलेला मुलगा कुणाला दिसतही नाही.

मामा सांगू शकला असता. त्याने १९१९ ची गोष्ट सांगितली होती, त्याला ती रीत ठाऊक होती. बहिणीचा शब्द ओलांडायचा नाही म्हणून गप्प राहिला.

हे प्रकरण ऐकल्यापासून माझ्या कामात एक बदल झाला. नवीन आलेल्या कुटुंबाला मी पूर्वी विचारायचे, कधी आलात, कुठून आलात. आता मुलाला वेगळं बसवून विचारते, तू इथे का आलास असं तुला वाटतं? आणि मग आईला विचारते, तुम्ही त्याला काय सांगितलंय? दोन उत्तरं जुळतात असं क्वचित होतं. एका मुलीला वाटत होतं की तिने भावाचं खेळणं मोडलं म्हणून त्यांना देश सोडावा लागला.

गृहस्थांनी आईला शेवटी १९९३ मध्ये विचारलं. ती सत्तरीला टेकली होती. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला ठाऊक आहे." मग तिने तार मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाली की तिला मजकुरात 'लगेच' हा शब्द घालायचा होता. मामाने तो खोडायला लावला होता, दुकानातल्या माणसाला घाई दिसायला नको म्हणून.